रोमला कुमक कुठून यायची आणि हॅनिबलला का नाही आली

प्रश्न असा आहे की इ.स.पू. २१६ मध्ये दक्षिण इटलीत कॅनीला कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने एका दिवसात रोमची जवळपास अख्खी फौज कापली, तरी रोम उभं कसं राहिलं, नवी माणसं आणली कुठून, आणि हॅनिबल इटलीत एवढी वर्षं झुंजत होता तर उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजने त्याला मदत का नाही पाठवली. मी लष्करात सप्लायच्या बाजूला नोकरी केलीय, रोमन युद्धांचा नाद त्याच्याही आधीपासूनचा, त्यामुळे जरा लांबण लागेल, पण हा विषय दोन ओळीत सांगितला की नेहमी "रोमन लोक चिवट होते" एवढ्यावर येऊन थांबतो आणि त्यातून काहीच कळत नाही.

चिवट तर उत्तरेकडचे गॉल टोळीवाले पण होते हो. फरक असा की रोमकडे कुमक ही ऐनवेळी हात पसरून मागायची गोष्ट नव्हतीच, कोणी किती माणसं द्यायची हे आधीच ठरलेलं असायचं. इटलीतल्या एकेका शहराला हरवल्यावर रोमने त्यांच्याकडून वर्षाची खंडणी घेतली नाही, माणसं घेतली. तह व्हायचा, त्यात अट एकच महत्त्वाची, आम्ही बोलावू तेव्हा ठरलेली माणसं पाठवायची. त्याची यादी असायची, फॉर्म्युला टोगाटोरम म्हणायचे तिला, आणि दरवर्षी कॉन्सल (रोमचे वर्षापुरते निवडलेले दोन प्रमुख) त्या यादीवरून कोणत्या शहराने किती पायदळ, किती घोडेस्वार आणायचे, कुठे, कोणत्या दिवशी हजर व्हायचं ते कळवायचे. लीजनमधल्या (लीजन म्हणजे चार-पाच हजारांची रोमन पलटण) रोमन पायदळाइतकंच पायदळ या मित्र-शहरांचं असायचं आणि घोडदळ तर तिप्पट. म्हणजे आपण ज्याला "रोमन फौज" म्हणतो त्यातली निम्म्याहून जास्त माणसं रोमची नागरिक नव्हतीच.

आता पैशाची बाजू बघा, कारण खरी मेख तिथे आहे. मित्र-शहरांच्या सैनिकांचा पगार त्यांचं शहर द्यायचं, पण धान्य रोम फुकट द्यायचं. उलट रोमन सैनिकाच्या पगारातून धान्याचे पैसे कापले जायचे! आपल्याला वाटेल मित्रांना जास्त लाड, पण मी सप्लायवाला म्हणून सांगतो ही फार शहाणपणाची व्यवस्था आहे. रेशन एकाच हातात असेल तर फौज एकत्र राहते, प्रत्येक शहराने आपापलं धान्य आणायचं म्हटलं तर पंधरा दिवसात अर्धे लोक "आमचं संपलं" म्हणून घरी जातात. एका पायदळ सैनिकाला महिन्याला साधारण २७ किलो गहू म्हणजे दिवसाला ९०० ग्रॅमच्या आसपास. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आणि माणसं होती किती? इ.स.पू. २२५ मध्ये गॉल लोकांची स्वारी येणार म्हणून रोमने सगळ्या याद्या मागवल्या होत्या, ग्रीक इतिहासकार पॉलिबियस ते आकडे देतो, रोमन आणि मित्र मिळून ७ लाखांवर पायदळ आणि ७० हजार घोडदळ. ही काही उभी फौज नव्हे, हत्यार उचलू शकणाऱ्यांची मोजदाद. पण यादी होती, नावं होती, आणि कोणाला हाक मारायची ते माहीत होतं. हॅनिबल आल्प्स उतरून इटलीत आला तेव्हा त्याच्याकडे २० हजार पायदळ आणि ६ हजार घोडेस्वार उरले होते.

आता कॅनी. मेलेल्यांचा कमीत कमी आकडा धरला तरी ४८ हजारांच्या वर जातो. बातमी आल्यावर रोममध्ये घबराट झालीच, पण कामं कोणती झाली ते बघा. १७ वर्षांच्या आणि त्याहून लहान पोरांची सुद्धा भरती केली. मित्र-शहरांना ठरलेली माणसं पाठवायचा निरोप गेला. सरकारने मालकांना पैसे देऊन ८ हजार तरुण गुलाम विकत घेतले, प्रत्येकाला "लढायला तयार आहेस का" असं विचारून, आणि हत्यारबंद केले. कर्जात आणि गुन्ह्यात तुरुंगात पडलेल्यांना सोडलं, ते ६ हजार निघाले, पण त्यांना द्यायला शस्त्रं नव्हती, मग आधीच्या गॉल युद्धातून लुटून आणून विजय-मिरवणुकीत मिरवलेली शस्त्रं काढून दिली. आणि याच वेळी हॅनिबलने कॅनीत पकडलेले रोमन कैदी पैसे घेऊन सोडायची तयारी दाखवली तर सिनेटने, म्हणजे रोमच्या वडीलधाऱ्या सभेने, साफ नाही म्हटलं. गुलाम विकत घेणं त्या कैद्यांपेक्षा महाग पडत होतं तरीही! मला विचाराल तर निर्णय क्रूर होता पण हिशेब बरोबर होता, तो पैसा हॅनिबलच्या हातात गेला असता आणि त्याने त्याच पैशात भाडोत्री सैनिक घेतले असते. चारच वर्षांत, इ.स.पू. २१२ च्या सुमाराला, रोमच्या साधारण २५ लीजन मैदानात होत्या.

बाहेरची मदत पण आली. सिसिलीत सिराक्यूजचा म्हातारा राजा हिएरो, याने कॅनीच्या जरा आधीच ३ लाख मोदियस गहू पाठवला, आपल्या हिशेबाने २००० टन धरा, वर २ लाख मोदियस जव, १००० तिरंदाज आणि गोफणवाले, आणि विजयदेवीची सोन्याची मूर्ती. नेपल्सवाल्यांनी सोन्याचे ४० कटोरे आणले तर सिनेटने आभार मानून त्यातला सगळ्यात हलका एकच ठेवून घेतला. हे नाटक वाटेल, पण त्यात समजून केलेला हिशेब आहे, मित्रांसमोर आपण कंगाल झालोय असं दिसलं की मित्र पातळ होतात.

कंगाल तर ते झालेच होते. इ.स.पू. २१५ मध्ये स्पेनमधून तिथल्या रोमन फौजेचे सेनापती सिपिओ भावांचं पत्र आलं, पगार नाही, कपडे नाहीत, धान्य नाही, पाठवा नाहीतर फौजही जाईल आणि प्रांतही. तिजोरीत काही नाही. मग सरकारने कॉन्ट्रॅक्टर लोकांना सांगितलं, तुम्ही उधारीवर माल पुरवा, तिजोरीत पैसे येतील तेव्हा पहिल्यांदा तुमचे. तीन कंपन्या पुढे आल्या, १९ माणसं मिळून, आणि त्यांनी दोनच अटी घातल्या, एक म्हणजे या काळात आम्हाला सैन्यभरतीतून सूट, दुसरी म्हणजे जहाजावर चढवलेला माल वादळाने किंवा शत्रूमुळे बुडाला तर नुकसान सरकारचं. माल पोचला. पण या दुसऱ्या अटीने पुढे काय झालं तेही ऐका, पोस्टुमियस नावाच्या एका कॉन्ट्रॅक्टरने जुन्या मोडक्या जहाजात थोडासाच किरकोळ माल भरायचा, ते समुद्रात मुद्दाम बुडवायचं आणि सरकारकडे भरलेल्या जहाजाचे पैसे मागायचे हा धंदा सुरू केला. हे सगळं हॅनिबल इटलीत बसलेला असताना! सिनेटला कळलं तरी कारवाई करायला आधी धजत नव्हते, कारण या लोकांना दुखावलं तर रसद कोण देणार. शेवटी इ.स.पू. २१२ मध्ये लोकांसमोर प्रकरण आलं आणि गदारोळ होऊन तो पळाला. रसदीच्या कामात राहिलेल्या माणसाला ही गोष्ट वाचताना दोन हजार वर्षांचं अंतर जाणवतच नाही.

खरा धोका मात्र कॅनीला नव्हता, तो आला इ.स.पू. २०९ मध्ये, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं म्हणून मी मुद्दाम थांबतो इथे. लॅटिन वसाहती ३० होत्या, म्हणजे रोमच्याच रक्ताची, भाषेची, सगळ्यात भरवशाची शहरं. त्यातल्या १२ जणांनी, आर्डिया, सुत्रियम, आल्बा, नार्निया वगैरे, कॉन्सलना तोंडावर सांगितलं की आता आमच्याकडे ना माणसं ना पैसा. दहा वर्षं सतत पोरं नेताय, परत येत नाहीत, जी वाचली त्यांना सिसिलीला पाठवून दिलंत. तक्रार खरी होती. कॉन्सल सुन्न झाले, आधी वाटलं दमात घेऊन होईल, पण ते लोक हलले नाहीत. सिनेटमध्ये कित्येकांना वाटलं की संपलं, आता बाकीचे पण हेच म्हणणार. मग उरलेल्या १८ वसाहतींना विचारलं, त्यांच्या वतीने फ्रेगेलीचा मार्कस सेक्स्टिलियस उठला आणि म्हणाला की ठरलेली माणसं तयार आहेत, जास्त लागली तर जास्तही देऊ. माझ्या मते दुसऱ्या प्युनिक युद्धाचा, म्हणजे याच रोम-कार्थेज युद्धाचा, निकाल त्या दिवशी लागला, शेवटच्या झामाच्या लढाईत नाही. त्याच साली रोमने फक्त निकडीसाठी राखून ठेवलेल्या तिजोरीतलं ४००० पौंड सोनं बाहेर काढलं, म्हणजे किती गळ्याशी आलं होतं बघा.

आणि त्या १२ जणांचं काय केलं? त्या क्षणी काहीच नाही! शिक्षा नाही, शिव्या नाहीत, सिनेटने त्यांचं नावच काढायचं नाही असं ठरवलं. पाच वर्षांनी, हॅनिबलचा जोर ओसरल्यावर, हिशेब काढला. हॅनिबल इटलीत आल्यापासून दिलेल्या मोठ्यात मोठ्या आकड्याच्या दुप्पट पायदळ, वर प्रत्येकी १२० घोडेस्वार, आणि यांना इटलीच्या बाहेर पाठवायचं. वर कायमचा कर. सगळ्यांना कळलं की नाही म्हणता येतं पण व्याजासकट द्यावं लागतं.

मदत न पाठवल्याची किंमत रोमने स्वतः पण मोजली होती. इ.स.पू. २१९ मध्ये स्पेनमधल्या सागुंटम शहराला हॅनिबलने आठ महिने वेढा घातला, ते रोमचे मित्र, रोमने वकील पाठवले, चर्चा केल्या, फौज एकही पाठवली नाही, शहर पडलं. पुढच्या वर्षी रोमचे वकील स्पेनमध्ये दोस्त शोधत फिरले तर एका टोळीच्या म्हाताऱ्याने सरळ सांगितलं की सागुंटमची गोष्ट जिथे पोचली नसेल तिथे जाऊन मित्र शोधा. मदतीचा करार दोन्ही बाजूने असतो, तुम्ही पाठवली नाही तर तुम्हाला कोण पाठवणार.

आता हॅनिबलकडे वळू. कॅनीनंतर कॅपुआ फितूर झालं, इटलीतलं रोमखालोखाल मोठं शहर. पण त्यांनी हॅनिबलशी केलेला तह वाचा, त्यात लिहिलंय की कॅपुआच्या कोणाही माणसाला मनाविरुद्ध सैन्यात किंवा दुसऱ्या कामाला लावायचं नाही. संपलं की! म्हणजे हॅनिबलला मित्र मिळाले पण माणसं मिळाली नाहीत, उलट त्या मित्रांना सांभाळायची जबाबदारी अंगावर आली. रोमने कॅपुआला वेढा घातल्यावर त्यांनी त्याच्याकडे मदतीचा धोशा लावला, वेढा फुटेना म्हणून तो थेट रोमच्या वेशीपर्यंत जाऊन आला, तरी रोमन वेढा उठला नाही आणि इ.स.पू. २११ मध्ये कॅपुआ पडलं. त्यानंतर इटलीत कुठलं शहर त्याच्या भरवशावर राहणार?

कार्थेजने मदत पाठवलीच नाही हे मात्र अर्धसत्य आहे. कॅनीनंतर त्याचा भाऊ मागो कार्थेजला गेला, मेलेल्या रोमन सरदारांच्या सोन्याच्या अंगठ्यांचा ढीग त्याने सभेसमोर ओतला, सभेने उत्तर आफ्रिकेतले ४ हजार नुमिडियन घोडेस्वार आणि ४० हत्ती मंजूर केले. बोमिलकार नावाचा सरदार इ.स.पू. २१५ मध्ये लोक्री बंदरात सैनिक, हत्ती आणि रसद घेऊन उतरला सुद्धा. पण मोठी कुमक, १२ हजार पायदळ, १५०० घोडदळ, २० हत्ती, मागोबरोबर निघायच्या तयारीत होती तेवढ्यात स्पेनमधून दुसरा भाऊ हास्द्रुबल हरल्याची बातमी आली आणि ती सगळी स्पेनला वळवली. लोक म्हणतात कार्थेजमधला हॅनिबलचा विरोधक हॅन्नो याच्या गटाने मत्सरापोटी मदत रोखली. मला ते पटत नाही. स्पेन म्हणजे चांदीच्या खाणी, भाडोत्री फौजेचा पगार तिथून यायचा, ते गेलं तर हॅनिबलला द्यायलाही काही उरलं नसतं. शिवाय समुद्र रोमच्या ताब्यात, आणि दक्षिण इटलीत हॅनिबलच्या हातात चांगली सुरक्षित बंदरं फार थोडी. माल आहे, जहाज आहे, पण उतरवायला धक्का नाही ही अवस्था ज्याने बघितलीय त्याला हे लगेच कळेल.

खुष्कीने यायचा एकच मोठा प्रयत्न झाला, हास्द्रुबलचा, इ.स.पू. २०७ मध्ये. तो आल्प्स ओलांडून उत्तरेत उतरला आणि भावाला पत्र लिहिलं, मध्य इटलीतल्या अंब्रियात भेटू. पत्र नेणारे सहा स्वार, ४ गॉल आणि २ नुमिडियन, अख्खी इटली ओलांडून गेले आणि हॅनिबल सापडेना म्हणून भटकत टॅरेंटमजवळ चारा गोळा करणाऱ्या रोमन सैनिकांच्या हाती लागले. पत्र गेलं कॉन्सल क्लॉडियस नीरोकडे, जो दक्षिणेत कॅनुसियमजवळ हॅनिबलसमोर तळ देऊन बसला होता. याने सिनेटला फक्त कळवलं, परवानगीची वाट बघितली नाही. निवडक ६ हजार पायदळ आणि १ हजार घोडेस्वार घेतले, सैनिकांना सांगितलं जवळचं एक गाव घ्यायला चाललोय, आणि रात्री निघाला उत्तरेला, दुसऱ्या कॉन्सलच्या, लिव्हियसच्या छावणीकडे, साधारण ४०० किलोमीटर.

आता तो मघाचा आकडा लावा. ७ हजार माणसं, दिवसाला ९०० ग्रॅम, म्हणजे रोजचा ६ टनांवर गहू, घोड्यांचं वेगळं. हे बरोबर घेऊन चाललं तर बैलगाडीच्या वेगाने जावं लागतं. नीरोने स्वार पुढे पाठवले, वाटेवरच्या गावांना निरोप, तयार अन्न रस्त्यावर आणून ठेवा, थकलेल्यांसाठी घोडी आणि गाड्या ठेवा. सैनिकांच्या अंगावर हत्यारांशिवाय फारसं काही नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूला बायाबापड्या अन्न घेऊन उभ्या, सैनिक लागेल तेवढंच घेतात, चालता चालता खातात, थांबत नाहीत. यादी, तह, दोस्त शहरं याचा खरा उपयोग इथे दिसतो, हॅनिबलला इटलीत असा रस्ता एकाही दिशेने मिळाला नसता.

पोचल्यावर रात्रीच्या अंधारात छावणीत शिरले आणि एकही जादा तंबू ठोकला नाही, प्रत्येक अधिकाऱ्याने अधिकाऱ्याला, शिपायाने शिपायाला आपल्याच तंबूत घेतलं, कारण छावणी वाढली की समोरच्याला कळतं. तरी हास्द्रुबल कसलेला गडी, सकाळी त्याला रोमन रांगेत आधी न दिसलेल्या जुन्या ढाली दिसल्या, घोडी वाळलेली दिसली, आणि त्याच्या माणसांनी सांगितलं की कॉन्सलच्या छावणीत बिगुल एकदा वाजायचा तो आज दोनदा वाजला. म्हणजे दोन कॉन्सल. तो रात्री माघारी निघाला, वाटाड्ये पळाले, मेटॉरस नदीच्या काठाने उतार शोधत राहिला आणि तिथेच गाठला गेला. हास्द्रुबल मारला गेला, आणि नीरो त्याच रात्री परत फिरून रोमन इतिहासकार लिव्हीच्या म्हणण्याप्रमाणे सहाव्या दिवशी आपल्या जागी हजर. पायदळाला रोज ६५ किलोमीटर मला जड वाटतं, पण गाड्या आणि घोडी वाटेत तयार होती हे धरलं तर दोन-चार दिवस इकडेतिकडे होऊन जमण्यासारखं आहे. हॅनिबलला बातमी मिळाली ती भावाचं मुंडकं त्याच्या चौकीसमोर फेकलं गेलं तेव्हा.

कुमकेत माणसांइतकीच बातमी मोलाची असते, आणि याचं सगळ्यात बोलकं उदाहरण सीझरच्या गॉल युद्धात आहे, इ.स.पू. ५४ च्या हिवाळ्यात. वक्ता सिसेरोचा धाकटा भाऊ क्विंटस एका लीजनसह आजच्या बेल्जियमच्या बाजूला वेढ्यात अडकला. आधीच शेजारच्या छावणीतल्या १५ कोहोर्ट (कोहोर्ट म्हणजे लीजनचा दहावा भाग) बाहेर पडून खलास झाल्या होत्या. क्विंटसने पाठवलेले जासूद पकडले जायचे आणि छावणीसमोरच हाल करून मारले जायचे. शेवटी आत आश्रयाला असलेल्या एका गॉल सरदाराच्या गुलामाने भाल्यात बांधून पत्र बाहेर काढलं, गॉल माणूस गॉल लोकांतून चालत गेला, कोणाला संशय नाही. सीझरला पत्र संध्याकाळी मिळालं, त्याने लगेच २५ मैलांवरच्या छावणीतल्या आपल्या सरदार क्रॅससला निरोप धाडला, मध्यरात्री निघ. सकाळी क्रॅसस हजर, मागचं धान्य आणि कागदपत्रं त्याच्या ताब्यात देऊन सीझर निघाला. दुसऱ्या छावणीतल्या लॅबिएनस या सरदाराने कळवलं की माझ्यासमोर शत्रू आहे, मी हललो तर इथेही तेच होईल, सीझरने ते मान्य केलं आणि दोनच लीजन, जेमतेम ७ हजार माणसं घेऊन पुढे गेला. "येतोय, धीर धरा" असं उत्तर ग्रीक लिपीत लिहून भाल्याच्या वादीला बांधून छावणीत फेकायला सांगितलं. तो भाला आतल्या एका बुरुजाला लागून तसाच दोन दिवस अडकून राहिला, तिसऱ्या दिवशी एका शिपायाला दिसला. पत्र सगळ्यांसमोर वाचलं आणि मग लांबवर पेटलेल्या आगींचा धूर दिसला. वेढा सुटल्यावर मोजलं तर दहात एक सुद्धा माणूस बिनजखमी नव्हता. आणि सीझरने गेलेल्या १५ कोहोर्टच्या बदल्यात हिवाळा संपायच्या आत ३० उभ्या केल्या, त्यात एक लीजन दुसरा बडा रोमन सेनापती पाँपे याच्याकडून मागून घेतली, मुद्दाम, गॉल लोकांना दिसावं म्हणून की आमचं नुकसान दुपटीने भरून निघतं.

साम्राज्याच्या काळात पद्धत बदलली. मित्र-शहरं नागरिक झाली, त्यांची जागा ऑक्झिलिया पलटणींनी घेतली, प्रांतातली माणसं, २५ वर्षं नोकरी आणि शेवटी नागरिकत्व. अडचण अंतराची झाली. इ.स. ६० च्या सुमाराला ब्रिटनमध्ये बुडिका राणीचं बंड पेटलं तेव्हा कॅम्युलोडुनम शहराने मदत मागितली तर आली फक्त २०० माणसं, तीही धड हत्यारांशिवाय. गव्हर्नर पॉलिनसने दुसऱ्या क्रमांकाच्या लीजनला बोलावलं, तिचा अधिकारी पोस्टुमस आलाच नाही, आणि लढाई त्याच्याशिवाय जिंकली गेल्यावर त्याने तलवारीवर पडून जीव दिला. जर्मनीतून २ हजार लीजनवाले, ऑक्झिलियाच्या ८ पलटणी आणि १ हजार घोडेस्वार आले ते सगळं उरकल्यावर.

शेवटचा मुद्दा हुकमतीचा. जुन्या मित्र-शहरांच्या तुकड्यांवर वरचे अधिकारी रोमन असायचे, कॉन्सलने नेमलेले. इ.स. ३७८ मध्ये एड्रियानोपलला सम्राट व्हॅलेन्सला पुतण्या ग्रेशियनचं पत्र आलं होतं की मी फौज घेऊन पोचतोय, थांब. तो थांबला नाही, ९ ऑगस्टला गॉथ टोळ्यांशी लढला, दोन तृतीयांश फौज आणि स्वतःचा जीव घालवला. यावेळी त्या तोडीची माणसं द्यायला कुठली यादी नव्हती. म्हणून इ.स. ३८२ मध्ये ज्यांच्याकडून हरले त्याच गॉथ लोकांशी तह करून त्यांनाच सैन्यात घेतलं, त्यांच्या स्वतःच्या सरदारांच्या हाताखाली. इ.स. ३९४ च्या फ्रिगिडसच्या लढाईत हे गॉथ रोमच्या बाजूने पुढच्या फळीत हजारोंनी मेले, त्यांचा सरदार अलारिक पुढच्याच वर्षी बिघडला, आणि ४१० मध्ये त्यानेच रोम शहर लुटलं.